नाताळ ते संक्रांत: बडोद्यात लागोपाठ चॅरिटी रन धावायच्या असतील तर

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा लागला की बडोद्यात दर रविवारी कुठे ना कुठे चॅरिटी रन असते. कुणी कर्करुग्णांसाठी पैसे उभे करतं, कुणी मुलींच्या फीसाठी, कुणी अंध विद्यार्थ्यांसाठी. परदेशातली भाचे-पुतणे मंडळी याच दिवसांत घरी आलेली असतात, त्यांनाही यायचं असतं. सोसायटीच्या ग्रुपवर फॉर्म फिरतात आणि पाहता पाहता आपण तीन-चार ठिकाणी नाव देऊन बसतो.

मी दांडिया बाजारात राहते आणि नववा हिवाळा धावते आहे. पहिल्या वर्षी पाच आठवड्यांत चार रन भरल्या आणि चारही जीव तोडून धावायच्या असं ठरवलं. तिसरी हाफ मॅरेथॉन (२१ किलोमीटर) होती. चौदाव्या किलोमीटरला डाव्या नडगीत असं दुखायला लागलं की पाय टेकवेना. उरलेलं अंतर चालत संपवलं आणि पुढचे सहा आठवडे घरात बसले. चौथी रन ज्या संस्थेसाठी होती, तिच्यासाठी मी ओळखीच्यांकडून पैसे गोळा केले होते आणि रनच्या दिवशी मीच तिथे नव्हते. ते मला फार लागलं. नव्याने सुरुवात करणाऱ्यांवर तशी वेळ येऊ नये, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

हे लिहिताना मी धरून चालते की तुम्ही सध्या न थांबता आठ-दहा किलोमीटर आरामात धावू शकता. तेवढं होत नसेल तर यंदा ५ किलोमीटरच्या दोनच रन घ्या, मध्ये दोन आठवडे ठेवा.

१. आधी पैसा कुठे जातो ते विचारा

फॉर्मवर ‘चॅरिटी’ लिहिलेलं असलं म्हणजे झालं, असं समजू नका. नोंदणी करण्यापूर्वी आयोजकांना तीन प्रश्न विचारा: पैसे नेमक्या कोणत्या संस्थेला जाणार? प्रवेश शुल्कातला किती भाग जाणार, की टी-शर्ट आणि मंडपाचा खर्च निघाल्यावर जे उरेल ते? आणि दिलेल्या रकमेचा हिशेब कुठे पाहायला मिळेल?

एका वर्षी मी एका रनच्या आयोजकांना हे विचारलं, तर ‘एका चांगल्या कामाला’ एवढंच उत्तर मिळालं. दोनदा विचारूनही संस्थेचं नाव कळलं नाही. मी नाव मागे घेतलं. ज्यांचं काम चोख असतं ते न विचारता सांगतात, बहुतेकदा संस्थेचा माणूस बिब (छातीवर लावायचा नंबरचा कागद) वाटपाच्या टेबलावर स्वतः हजर असतो.

संस्थेचं नाव कळलं की धर्मादाय आयुक्तांकडचा तिचा ट्रस्ट नोंदणी क्रमांक मागा आणि नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर ती सापडते का ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

आयकराच्या बाबतीत बरेच जण फसतात. प्रवेश शुल्काच्या बदल्यात तुम्हाला टी-शर्ट, पदक, नाश्ता मिळतो, त्यामुळे ते शुल्क म्हणजे करात वजावट मिळणारी (८०जीची) देणगी होत नाही. वजावट हवी असेल तर संस्थेला वेगळी देणगी द्या, पॅन क्रमांक द्या आणि पावती घ्या. २,००० रुपयांवरची रोख देणगी वजावटीला चालत नाही, म्हणून यूपीआय किंवा चेकने द्या. तुम्ही नवी करपद्धत निवडली असेल तर ही वजावट मुळातच मिळत नाही. तरी पावती घ्याच, कारण तुम्ही दहा जणांकडून गोळा केलेले पैसे पोचल्याचा तोच पुरावा असतो.

२. कॅलेंडर भिंतीवर लावा आणि एकच शर्यत स्वतःसाठी ठेवा

पाच-सहा आठवड्यांच्या मालिकेत जोर लावून धावायची शर्यत एकच. बाकीच्या सगळ्या कुणासाठी तरी. पैसे तर त्यांच्यासाठी असतातच, पण धावणंही त्यांच्या वेगाने. कसं ते आठव्या मुद्द्यात सांगते.

आपल्याकडे स्वतःची शर्यत म्हणून बहुतेक जण बडोदा मॅरेथॉन धरतात. नवलखी मैदान, घरचे रस्ते, ओळखीचे चेहरे. तिची तारीख जानेवारी-फेब्रुवारीत वर्षागणिक पुढेमागे होते, म्हणून आधी ती पक्की बघा आणि बाकीच्या रन तिच्या मागेपुढे बसवा. काही जणांना टाटा मुंबई मॅरेथॉन खुणावते. ती जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते आणि २००४ पासून तिच्यातून सामाजिक संस्थांना निधी मिळत आला आहे. एखाद्या संस्थेसाठी ठरलेली रक्कम उभी करून चॅरिटी बिबवर धावण्याची सोयही तिथे आहे. अहमदाबादची मॅरेथॉन नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते. ती आपल्या मोसमाच्या जरा आधी येते, पण तयारी तपासून बघायला छान.

मुंबईला जाणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. तिथे बिब शर्यतीच्या दिवशी मिळत नाही, आधीच्या दिवसांत जाऊन घ्यावा लागतो. म्हणजे शनिवारी संध्याकाळच्या गाडीचा काही उपयोग नाही. दुसरं म्हणजे, तिसरा रविवार उतरायणानंतर (संक्रांतीनंतर) आठवड्याच्या आतच येतो आणि परतीच्या गर्दीने गाड्या भरलेल्या असतात. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा दिवाळीनंतर लगेच तारीख मोजून ठेवा.

दोन रनमध्ये किती अंतर ठेवायचं? जुन्या धावपटूंचा एक आडाखा आहे: जोर लावून धावलेल्या दर मैलामागे, म्हणजे साधारण दीड किलोमीटरमागे, एक दिवस हलका. दहा किलोमीटर धावलात तर सहा-सात दिवस, हाफ धावलात तर तेरा-चौदा. यावरून सरळ निघतं की हाफनंतरच्या रविवारी पुन्हा जोर लावता येणार नाही. मी माझी मालिका अशी मांडते: पहिला रविवार ५ किलोमीटर, दुसरा १० किलोमीटर गप्पा मारत, तिसरा मोकळा, चौथा हाफ, पाचवा चालत किंवा कुणाच्या सोबतीने ५.

३. कागदपत्रं आणि सामान

एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये हे सगळं डिसेंबरच्या सुरुवातीलाच घालून ठेवा:

- फोटो ओळखपत्र आणि त्याच्या चार-पाच झेरॉक्स
- प्रत्येक रनच्या नोंदणीच्या मेलची प्रिंट (बिब वाटपाच्या जागी नेट हमखास अडतं)
- हाफ किंवा फुल (४२ किलोमीटर) असेल तर डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट. आयोजकांनी मागितलं नाही तरी चाळिशीपुढच्यांनी ईसीजी काढून घ्यावाच
- दुसऱ्याचा बिब आणायचा असेल तर त्याच्या सहीचं पत्र आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत
- देणगीच्या पावत्या

सामानात सेफ्टी पिना, व्हॅसलीन, ओआरएसची पाकिटं, गळ्याला गुंडाळायचा बफ, अंधारात चमकणारा पट्टा आणि शक्य असेल तर बुटांचे दोन जोड. बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात. दोन जोड आलटून पालटून वापरले तर एकाचा फोम पुन्हा फुलायला वेळ मिळतो. नवे बूट शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका.

बिबच्या मागे नाव, रक्तगट आणि घरच्यांचा नंबर लिहायची जागा असते. ती कोरी ठेवू नका. मागे चिकटवलेली चिप दुमडू नका, नाहीतर वेळ नोंदला जात नाही.

४. दोन रविवारांमधले सहा दिवस

लागोपाठच्या रनमध्ये खरी मेहनत याच सहा दिवसांत असते. नवीन माणूस सोमवारी ताजातवाना वाटतो म्हणून धावतो, मंगळवारी जिना उतरताना ओरडतो आणि बुधवारी घाबरून गोळ्या खातो. स्नायूंचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं. ते स्वाभाविक आहे.

रविवार: रेषा ओलांडली की बसू नका. दहा-पंधरा मिनिटं चालत राहा. घामाने भिजलेला टी-शर्ट लगेच बदला, जानेवारीतल्या सकाळी गारठा तिथेच भरतो. पहिल्या तासाभरात वजनाच्या दर किलोला साधारण १ ग्रॅम पिष्ट (कार्बोहायड्रेट) पोटात जायला हवं. साठ किलोच्या माणसाला साठ ग्रॅम. एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतं, म्हणजे एक केळं आणि घरी आल्यावर वाटी-दीड वाटी मऊ भात, वर मेतकूट आणि जरा तूप. सोबत घट्ट वरण किंवा दही. दुपारी झोपा.

सोमवार: फक्त चालणं, वीस-तीस मिनिटं. कमाटीबागेत जाऊन मातीच्या कडेकडेने फिरा.

मंगळवार: सुट्टी. पाय दुखत असतील तर रात्री कोमट पाण्यात बुडवा. नुकत्या दुखावलेल्या स्नायूला रगडून मालिश करू नका.

बुधवार: चार-पाच किलोमीटर सावकाश. वेग बरोबर आहे का हे कळायला माझ्याकडे घड्याळापेक्षा चांगलं माप आहे. धावता धावता सतराचा पाढा मोठ्याने म्हणा. ‘सतरा दाहे सत्तरशे’पर्यंत न धापता पोचलात तर वेग ठीक. ‘सतरा पाचे’ला श्वास तुटला तर हळू व्हा.

गुरुवार: पुन्हा तेवढंच. पाय मोकळे वाटत असतील तर शेवटी चार वेळा शंभरेक मीटर जरा लांब टांगा टाकून धावा.

शुक्रवार सुट्टी. शनिवारी पंधरा मिनिटं चाला, बिब टी-शर्टला लावून ठेवा, दहाला दिवे बंद.

सकाळी उठल्यावर अंथरुणातच नाडी मोजण्याची सवय लावा. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त लागत असतील आणि दोन दिवस तसंच राहिलं, तर शरीर अजून भरून आलेलं नाही. त्या रविवारी जोर लावू नका.

५. सणाचं खाणं

हे दिवस जिभेचे आहेत. उंधियू, पोंक (ज्वारीचा हुरडा), गूळपोळी, परदेशातून आलेल्यांसाठी घरोघरी जेवणावळी. कमुरतं (लग्नाला वर्ज्य मानलेला महिना) संपून उतरायण झालं की पुन्हा लग्नं सुरू, तीही नेमकी शनिवारी रात्री. कशालाच नाही म्हणू नका, पण वेळ ठरवा. उंधियूतली पापडी, कंद आणि तेल पचायला जड, म्हणून शर्यतीच्या आधीच्या दीड दिवसात नको. रविवारी दुपारी पोटभर खा. शनिवारी लग्न असेल तर घरून खिचडी खाऊन जा, आहेर द्या, साडेनऊला निघा. दोन-तीन वर्षांनी नातेवाईक स्वतःच विचारतात, ‘उद्या धावायचं आहे ना?’

धावताना तोंडात टाकायला चिक्की नेऊ नका. दाणे चावताना धाप लागलेली असते आणि कण घशात अडकतो. बिया काढलेला खजूर किंवा मऊ गूळ चांगला. पाणी घोटघोट. नुसतं पाणी लिटरभर ढोसणंही धोक्याचं, रक्तातलं सोडियम पातळ होतं. हाफला ओआरएस ठेवा आणि पाकीट लिटरभर पाण्यातच कालवा, कमी पाण्यात नको.

दुखतं म्हणून शर्यतीआधी वेदनाशामक गोळी घेणारे मी दरवर्षी बघते. कृपा करून घेऊ नका. घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात त्या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात, आणि जे दुखणं तुम्हाला थांबायला सांगत असतं तेच गप्प होतं.

६. धूर, गारठा आणि मांजा

थंडीत हवा हलत नाही, धूर जमिनीलगत बसून राहतो. थर्टीफर्स्टच्या फटाक्यांनंतरची सकाळ तर फारच वाईट. मोबाइलवर एक्यूआय (हवेच्या प्रदूषणाचा आकडा) बघा. २०० च्या वर म्हणजे ‘खराब’. त्या दिवशी सराव घरात करा, आणि रन असेलच तर चालत पूर्ण करा. दमा असणाऱ्यांनी जाऊच नये.

मांजाबद्दल मी जरा जास्त सांगणार आहे, कारण बाहेरगावच्या धावपटूला याची कल्पना नसते. नायलॉनच्या मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी तो दिसतोच. १४ आणि १५ जानेवारीला सूर्योदयानंतर रस्त्यावर धावू नका. त्यानंतरचे पंधराएक दिवस तुटलेले दोरे झाडांवरून, तारांवरून लोंबत असतात, रस्त्यावर वेटोळी पडलेली असतात. गळ्याला बफ गुंडाळूनच धावा. पायात दोरा अडकला तर झटका देऊ नका, ओढला की तो आवळतो आणि कापतो. जागीच थांबा, वाका, सैल करून काढा. मागच्याला हाक मारून सांगा.

कुठे दोऱ्यात अडकलेला पक्षी दिसला तर स्वतः ओढाताण करू नका. गुजरातमध्ये १९६२ या नंबरवर प्राण्यांची अँब्युलन्स येते. त्याच्यासाठी पाच मिनिटं थांबल्याने तुमच्या वेळेचं काही बिघडत नाही.

७. शर्यतीची सकाळ

दीड तास आधी काहीतरी हलकं खा, पाऊण तास आधी पोचा. स्वच्छतागृहाची रांग आधी, फोटो नंतर. जुना स्वेटर घालून उभं राहा. सगळ्यात पुढे घुसू नका. तुमचा वेळ चिपवर नोंदला जातो, तुम्ही रेषा ओलांडली तेव्हापासून. पहिला किलोमीटर सगळे उधळतात. तुम्ही उधळू नका. नऊ वाजता ऊन तापतं तेव्हा त्यांच्यातले बरेच जण चालताना भेटतील.

८. दुसऱ्यासाठी धावणं

मालिकेतल्या ‘हलक्या’ रन हलक्या ठेवणं मनाने ठरवून जमत नाही. शेजारून कुणी पुढे गेलं की पाय आपोआप उचलतात. म्हणून स्वतःला कुणाच्या तरी वेगाशी बांधून घ्या. व्हीलचेअर ढकलायला, पहिल्यांदा धावणाऱ्या वहिनीला सोबत करायला, किंवा अंध धावपटूचा गाइड म्हणून. अशा संस्थांना सोबती कायम हवे असतात. आयोजकांना नोंदणीच्या वेळीच सांगा, आणि त्या व्यक्तीबरोबर आधी निदान दोनदा सराव करा.

मी चौथ्या हिवाळ्यात पहिल्यांदा गाइड झाले. सोळा वर्षांची मुलगी, अंतर दहा किलोमीटर. हातभर लांबीची मऊ दोरी, एक फास तिच्या मनगटात, एक माझ्या. मी सुरुवातीला सारखी दोरी ओढत होते. ती म्हणाली, “मावशी, ओढू नका. तुम्ही बोला, मी वळते.” मग मी बोलत राहिले. स्पीडब्रेकर, दहा पावलं. डावीकडे खड्डा. आता गुळगुळीत रस्ता आहे. सातव्या किलोमीटरला तिने मान वळवून हुंगलं आणि म्हणाली, “फाफडा तळतायत.” मी तिथून शेकडो वेळा धावले असेन, मला कधी कळलं नव्हतं. कोपऱ्यावर खरंच कढई होती.

गाइडने पाळायच्या गोष्टी: कधीही एक पाऊल पुढे राहून ओढायचं नाही, बरोबरीने धावायचं. सूचना छोट्या आणि आधी द्यायच्या. पाण्याच्या टेबलावर ग्लास स्वतः घेऊन तिच्या हातात द्यायचा. गर्दीत ‘बाजू द्या, अंध धावपटू आहे’ असं मोठ्याने सांगायचं, संकोच करायचा नाही. आणि शेवटच्या रेषेवर आधी ती, मग तुम्ही. अंध धावपटूंच्या स्पर्धांमध्ये तसा नियमच आहे.

आम्हाला एक तास चोवीस मिनिटं लागली. पुढच्या रविवारी माझे पाय इतके ताजे होते की हाफ मी पहिल्यांदा न चालता पुरी केली.

९. कधी थांबायचं

दोन्ही मांड्या, दोन्ही पोटऱ्या सारख्याच जड वाटत असतील तर तो थकवा. चालल्यावर कमी होतो. एकाच पायात, बोट ठेवून दाखवता येईल अशा एका जागी दुखत असेल, विशेषतः नडगीच्या हाडावर, आणि रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर धावणं त्याच दिवशी बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे. छातीत दडपण, चक्कर, हात-जबडा दुखणं असं काही वाटलं तर शर्यतीच्या मध्यातही थांबा आणि स्वयंसेवकाला बोलवा. ताप असेल तर धावायचंच नाही.

बिब दुसऱ्याला देऊन टाकू नका. त्याला काही झालं तर रुग्णालयात तुमचं नाव आणि तुमचा रक्तगट पोचतो.

रन सोडावी लागली तरी संस्थेसाठी गोळा केलेले पैसे पोचवा आणि ज्यांनी दिले त्यांना पावतीचा फोटो पाठवा. मग आयोजकांना फोन करून पाण्याच्या टेबलावर उभं राहायला मागा, माणसं कमीच असतात. पहाटे पाचला पोचावं लागतं. ग्लास अर्धाच भरा, भरलेला अंगावर सांडतो. बोटांच्या चिमटीत धरण्यापेक्षा तळहातावर ठेवून हात लांब करा, म्हणजे धावणाऱ्याला पटकन उचलता येतो. टेबलाच्या अगदी सुरुवातीला गर्दी होते, म्हणून तुम्ही शेवटच्या टोकाला उभं राहा आणि ‘इथे पण पाणी आहे’ असं ओरडत राहा. सगळ्यात मागून चालत येणाऱ्यांसाठी दहा-बारा ग्लास वेगळे झाकून ठेवा. ते पोचतात तेव्हा बहुतेक टेबलं आवरलेली असतात.